भिंतीबाहेर ऐकलेली गिटार

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहिताना चुका होतील, आणि चुका काढायच्या असतील त्यानं दुसरं काही वाचावं. माझी बायको गेली त्याला अजून वर्ष झालं नाही. लोक म्हणतात, म्हातारा झालास, आता रडणं पुरे कर. रडतो ते रडतो, त्याचा कोणाला हिशेब द्यायचा नाही. पण आम्ही दोघांनी मिळून गाण्याचा एक खेळ उभा केला होता आणि त्या खेळावरून तिला उठवलं, ते लिहून ठेवायचं आहे. सांगणारा आता मीच उरलो.

सत्तर सालाच्या मागंपुढं मी मिलमध्ये बदली कामगार होतो. कोणी कामावर आला नाही तर आम्हाला आत घ्यायचे, नाही तर फाटकावरून परत. राहायला सक्करदऱ्याच्या बाजूला, आमच्याच लोकांच्या वस्तीत. बायको घरी बसून बिड्या वळायची. छप्पन सालच्या दीक्षेनंतर वस्तीत गाण्याच्या पार्ट्या निघाल्या होत्या आणि दर पार्टीत एक बेंजो असायचाच. लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांवर दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. ते बेंजो बिघडले की माझ्याकडे यायचे. दुरुस्त करता करता मी वाजवायलाही शिकलो, आणि माझ्यामागं ती शिकली. माझ्याहून चांगली शिकली. बिड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांना काय शिकवायचं.

हिवाळ्यात गावोगाव मेळे लागत. दिवाळीनंतर कुहीकडच्या खेड्यांत मंडई भरे, कन्हानला बाजार मोठा होई. रिंग फेका, फुगे फोडा, असले खेळ. मी पाहायचो, भोंग्यावर गाणं लागलं की फुगे फोडणारासुद्धा बंदूक खाली करून पायानं ठेका धरायचा. मनात आलं, याच्या बंदुकीऐवजी हातात गाणंच दिलं तर.

मग मी तो खेळ बनवला. मिलमधले दोन टाकाऊ लाकडी रूळ, त्यांच्यावर मांजरपाटाची लांब पट्टी गुंडाळलेली. पट्टीवर रंगाचे ठिपके. समोर आडवी काळी सुतळी ताणलेली. मी हँडल फिरवलं की पट्टी वरून खाली सरकायची. ठिपका सुतळीवर आला की गिऱ्हाइकानं बेंजोचं त्याच रंगाचं बटण दाबून तार छेडायची. बटणांवर बाटल्यांची रंगीत बुचं बसवली होती. पाचच रंग. गाणं बदललं की बुचं काढून दुसऱ्या बटणांवर बसवायची. ज्यानं जन्मात वाद्याला हात लावला नाही त्याच्याही हातून सूर निघायचा.

पण एकटा सूर टकला वाटायचा. पहिल्यांदा तिला ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, "हे गाणं न्हाव्याकडून आल्यासारखं वाटते."

"मंग तू त्याले केस लाव," मी म्हणालो.

तिनं ते खरंच मनावर घेतलं. त्या काळी दोन गिटारींवर वाजवलेल्या गाण्यांच्या तबकड्या निघायच्या. त्यात कोणी गात नाही, नुसत्या गिटारी. एक गिटार गाण्याची चाल वाजवते, दुसरी तिच्या खालून चालते, तिला धरून ठेवते. आम्हाला असंच गाणं पाहिजे होतं. गिऱ्हाईक एका बेंजोवर पहिली गिटार वाजवील, समोर माझी बायको दुसऱ्या बेंजोवर दुसरी, तिच्याही बटणांवर तशीच बुचं. म्हणजे गाणं भरलेलं वाटेल.

तबकडी घ्यायची ऐपत नव्हती. वस्तीपासून थोडं लांब एक चहाचं हॉटेल होतं, तिथं रेकॉर्ड प्लेयर होता. मालक माझ्या ओळखीचा, मागितलेलं गाणं पुन्हा पुन्हा लावायचा. पण त्या हॉटेलात बायामाणसं बसत नसत. म्हणून मी आत चहा घेऊन बसायचो आणि ती बाहेर भिंतीला टेकून, भाजीची थैली पायाशी ठेवून उभी राहायची. आणि गंमत अशी की वरची बारीक गिटार भिंत खाऊन टाकायची, खालची जाड गिटार तेवढी बाहेर यायची. आत बसून मला जी नीट ऐकू येत नव्हती ती तिला भिंतीतून साफ ऐकू यायची. मग आम्ही वाटणीच करून टाकली. वरची मी न्यायची, खालची तिनं.

घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही. बोललं की सांडलं. दोघं आपापली गिटार तोंडात धरून चालायचो. वाटेत कोणी राम-राम, जयभीम केला की नुसती मान हलवायची. वस्तीत सगळ्यांना वाटायचं यांचं दर रविवारी भांडण होते. शेजारीण एकदा तिला म्हणाली, "अवं, बजारात कायले नेतं मंग त्याले संगं? घरीच भांडत जा ना."

घरी आल्यावर खरं काम. गाणं वाजवणाऱ्यानं ते आपल्या बोटांसाठी वाजवलेलं असते. आमचं गिऱ्हाईक म्हणजे हमाल, खाणीतला कामगार, धान कापून आलेली बाई. त्याच्या हातानं ती पळापळ कशी व्हावी? तेव्हा मी सूर गाळायचो. चाल जिथं जोरात पळते तिथं पहिला आणि शेवटचा ठेवायचा, मधले बायकोकडं द्यायचे. दोन लांबचे रंग लागोपाठ ठेवायचे नाहीत. कितपत जमेल हे तपासायला मी बेंजो उलटा फिरवून डाव्याऐवजी उजव्या हातानं बटणं दाबायचो. माझा तो हात या कामाला नवा, म्हणजे गिऱ्हाइकासारखाच अडाणी. तो अडखळला की ठिपका पुसायचा. पण जास्त पुसले की गाणं ओळखू येत नाही. मग ती म्हणायची, "लय पाखडलं तुमी. दाणे बी गेले." मग एखादा ठिपका परत.

मेळ्यात तिचं बसणं पाहायला पाहिजे होतं. गिऱ्हाइकाचा रंग चुकला, हात उशिरा पडला, की ती थांबायची. थांबली असं कळू द्यायची नाही, खालच्या गिटारीला एखादा जास्त वळसा द्यायची, तेवढ्यात माणूस परत गाण्यावर यायचा. मी तिच्याकडे पाहून हँडल हळू करायचो. उठताना माणूस सगळ्यांना सांगायचा, पाहिलं, मी गाणं वाजवलं. एक बैलांचा व्यापारी तर रोज येऊन बसायचा. ती त्याला म्हणायची, "दादा, आज पिवळ्यावर रुसू नका, काल लय रुसले होते."

मेळ्याचा ठेकेदार खूश होता. आमची रांग सगळ्यात मोठी.

मग दोनेक हिवाळ्यांनी ती सांगू लागली की बटणं नरम झाली, दाबली का नाही तेच कळत नाही. मी स्प्रिंगा बदलल्या. तरी नरमच. आणखी कडक घातल्या. माझं बोट दुखायला लागलं आणि ती म्हणायची नरम. आमचा खेळच असा होता की त्यात डोळ्यांनी वाजवायचं, रंग पाहून. बोटाला काही कळतं का, हे विचारायची वेळच आली नाही. दुसऱ्या एखाद्या वाद्यावर ते लवकर उघडं पडलं असतं.

उघडं पडलं ते कन्हानच्या मेळ्यात. समोर खाणीतल्या कामगाराची बायको खेळत होती. गाणं अर्ध्यावर आलं आणि ती हात उचलून म्हणाली, "बाई, रक्त येऊन राहिलं ना."

माझ्या बायकोनं आधी त्या बाईचेच हात पाहिले. तिला वाटलं त्या बाईलाच लागलं. मग खाली पाहिलं. तिच्या स्वतःच्या बेंजोच्या एका बटणाचं बूच निघून पडलं होतं आणि ती उघड्या पत्र्याच्या धारेवर बोट दाबत होती. किती वेळ, कोण जाणे. बोट फाटलं होतं. ती त्या बोटाकडं असं पाहत होती की जसं कोणी आपलं बोट तिथं विसरून गेलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं तिचा हात पालथा केला. कोपराखाली एक फिकट चट्टा होता. आम्ही त्याला सुरमा म्हणत होतो, साधं शिबं समजून. डॉक्टर म्हणाला, डोळे मिटा, टाचणी टोचीन तिथं सांगा. त्यानं टोचली. पुन्हा टोचली. मी पाहत होतो. ती डोळे मिटून शांत बसली होती.

"टोचा ना," ती म्हणाली.

महारोग. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं तिला हाकललं नाही. गोळी वर्षानुवर्षं घ्यायची, घरीच राहिली तरी चालते, महारोग्यांच्या वसाहतीत पाठवायची गरज नाही. गोळी चालू राहिली की तिच्यापासून कोणाला धोका नाही. हाताला कळत नाही, म्हणून हाताची काळजी डोळ्यांनी घ्यायची. हे सगळं त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं. आम्हाला कळलं. पण दवाखान्याबाहेर डॉक्टर आपल्यासंगं येत नाही.

बिडीवाल्यानं पानं-तंबाखू देणं बंद केलं. शेजारणीनं पोरांना आमच्या अंगणातून बोलावून घेतलं. वस्तीतल्या कोणी तोंडावर वाईट शब्द बोलला नाही, नुसतं सरकून बसायला लागले. ज्यांच्या बापांना विहिरीवर चढू दिलं नाही तेच लोक होते हे. माझाही बाप त्यातलाच. मला कोणाला शिकवायचं नाही, जे पाहिलं ते सांगतो.

ठेकेदारानं कन्हानला रक्त पाहिलंच होतं, मग दवाखान्याचंही त्याला कळलं. म्हणाला, "देख भाऊ, खेल तेरा अच्छा है. बाईले घरी ठेव आणि तू एकटा चालव. नाही तर जागा दुसऱ्याले देतो."

मी एकटा चालवायचं ठरवलं. तिला सांगितलं तेव्हा ती चुलीसमोर बसली होती.

"गाण्याले रोग होते का माह्या हातानं?" ती म्हणाली.

"गाण्याले नाही होत. लोक पळतीन."

"पळू द्या. जे राहतीन त्याइले खेळवू."

"कोणी नाही राहत वं."

"तुमी इचारलं का कोणाले?"

नव्हतं विचारलं. तिनं त्या दिवशी एवढंच मागितलं, की मला खेळावर बसू द्या. बिड्या गेल्या त्याचं तिला काही नव्हतं. येणंजाणं बंद झालं त्याचंही ती बोलायची नाही. पण त्या खेळाच्या तंबूत लोक तिच्या समोर बसायचे, तिच्या तालावर हात हलवायचे, तिला बाई, ताई म्हणायचे. ते तिला सोडायचं नव्हतं. मी सामान बांधलं.

शिलाई मशीनचं जुनं पायडल मिळवून मी रुळाला जोडलं. पाय पट्टी फिरवील, हात तिची गिटार वाजवतील. जमलं नाही. तिचे सूर मला पाठ होते, पण माणूस अडखळला की कुठं थांबायचं ते मला येत नव्हतं. मी पुढं निघून जायचो आणि माणूस मागं राहायचा. मग मी दुसरी गिटार काढून टाकली, तर सूर पुन्हा टकला. मग दोन्ही गिटारी मिळून एकच चाल केली, तर ती कोणाच्या हातानं होईना. एक बाई उठताना म्हणाली, "मागच्या साली तर येत होतं मले. तुमचा बाजा बिघडला." रांग गेली. ठेकेदार सारखा येऊन पाहून जायचा.

मंडईच्या दिवसांत आम्ही कुहीच्या पुढं एका खेड्यात होतो. दुपारची वेळ. चार-पाच बाया तंबूपुढं उभ्या होत्या. मी मान वर केली तर त्यांच्यात माझी बायको. एसटीनं एकटी आली होती. लग्नातलं लुगडं नेसलेलं, बोटाला पांढरी चिंधी. तिनं सगळ्यांसारखं तिकीट घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर येऊन बसली.

"लावा," ती म्हणाली.

ठेकेदार धावत आला. पण त्याची अडचण झाली. काय झालं ते मोठ्यानं बोलावं तर त्याचीच रांग पळते. तो नुसता म्हणाला, "बाई, उठ तिथून."

"तिकीट फाडलं ना तुमी? मंग खेळू द्या."

मागची एक बाई म्हणाली, "खेळू द्या ना गा तिले. आमाले बी टाइम होऊन राहिला."

ठेकेदार माझ्या कानाशी आला. "उठव तिले. नाही तर मी बोलतो."

मी पायडलवर पाय ठेवला.

गिऱ्हाइकाचा भाग मीच तर गाळून गाळून सोपा केला होता, अडाणी हातासाठी. ती तो भाग पहिल्यांदाच वाजवत होती. तर्जनी आणि मधलं, दोनच बोटं वापरत होती. निळा लागला, लाल लागला. हिरव्यावर बोट घसरलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पट्टीकडंच पाहत राहिली. आणि मला तेव्हा कळलं कुठं थांबायचं. मी खालच्या गिटारीला एक वळसा दिला, पाय हळू केला, ती परत आली. पुढं आणखी एकदा चुकली, तेव्हाही थांबलो. गाणं शेवटपर्यंत गेलं. बाया म्हणाल्या, छान, छान. कोणीतरी टाळी वाजवली.

ती उठली. मागची बाई लगेच बसली आणि बटणांवर बोटं ठेवली. माझी बायको बाजूला उभी राहून त्या बोटांकडं पाहत होती.

आणि ठेकेदार बोलला. त्या बाईला म्हणाला, हात काढ, आता उठून गेली तिले महारोग आहे. एवढ्या आवाजात बोलला की बाजूच्या फुगेवाल्यानंही ऐकलं.

बाईनं हात उचलला आणि लुगड्याला पुसत मागं सरकली. बाकीच्या तिच्या आधीच गेल्या होत्या. मी सांगायला लागलो की गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणाला आहे. कोणाला सांगत होतो, समोर कोणी नव्हतं. माझ्या बायकोनं इकडंतिकडं पाहिलं. मग ती पुन्हा येऊन स्टुलावर बसली.

"दुसरं लावा," ती म्हणाली. "आता रांग नाही."

मी दुसरी पट्टी चढवली. लोक लांब उभे राहून ऐकत होते. आमच्या आणि त्यांच्यामध्ये बैल बांधायची मोकळी जागा होती तेवढं अंतर. ठेकेदाराची माणसं मागच्या बाजूनं तंबूच्या खुंट्या उपटत होती. ती वाजवत राहिली, मी वाजवत राहिलो. कापड आमच्या डोक्यावर उतरायला लागलं तेव्हा ती उठली, आणि दोघांनी मिळून रूळ पोत्यात भरले.

खेळ तिथं संपला. पुन्हा लावला नाही. रूळ वाळवीनं खाल्ले. बेंजो मी विकले, तिनंच विकायला लावले, म्हणाली घरात पाहायले नको. तिनं गोळ्या बरीच वर्षं खाल्ल्या. शेवटी डॉक्टरनं सांगितलं, बरी झाली, बंद करा. आम्ही ते वस्तीत सांगितलं. लोक म्हणाले, चांगलं झालं, आणि सरकून बसले होते तिथंच बसून राहिले. दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. मिल बंद पडली, जुनी माणसं मेली, नवीन सुना आल्या. त्या तिला आजी म्हणायच्या. त्यांना काही माहीत नव्हतं आणि ती सांगायची नाही. पण कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर ती जायची नाही. म्हणायची, पोट भरलेलं आहे. लेकराच्या नाव ठेवणीला गेली तरी दारातच बसायची. मी म्हणायचो, आता काहून भेतं? ती म्हणायची, "मी नाही भेत. त्याइले नंतर कळलं तर त्या भेतीन."

ती गेली तेव्हा वस्तीतल्या सुना आल्या. अंगणात लुगड्यांचा आडोसा केला आणि तिला आंघोळ घालायला घेतली. मी आडोशाच्या अलीकडं खाटेवर बसलो होतो. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग शेजारच्या घरातली धाकटी सून म्हणाली, "बाबाजी, आजीचे दोन बोटं सरळच होऊन नाही राहिले. काय झालं होतं हाताले?"

बिड्या वळून झाले, एवढं म्हणता आलं असतं. तिनं असतं तर तेच सांगितलं असतं.

मी म्हणालो, "महारोग होता. गोळ्या खाऊन बरा झाला. लय वर्षं झाली."

पाण्याचा आवाज थांबला. बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. मी खाटेची दोरी धरून बसून राहिलो.

मग त्याच पोरीचा आवाज आला, दुसरीला सांगत होती, "हे पाणी लय गरम हाय वं, आजीच्या हाताले पोळन. थोडं थंड मिळव."